त्वचेच्या कर्करोगाचा पहिला टप्पा : धोका किती, हे कसे ठरवितात?

त्वचेचा कर्करोग म्हटला की तो हणजुणे-बागा किनाऱ्यावर उघड्या अंगाने ऊन खात पडणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांचा रोग, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. आपल्या कातडीतील काळा रंग उन्हापासून आपले रक्षण करतो व त्यामुळे गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्यांत हा रोग फार थोड्यांना होतो. परंतु थोड्यांना होतो म्हणून ज्याला झाला त्याचे दुखणे हलके होत नाही. आपल्याकडे तो बहुधा अशा जागी उद्भवतो की जिथे निरखून पाहण्याची आपणांस सवय नाही : तळपाय, टाचेची कड, अंगठ्याचे नख, जुन्या भाजल्याचा वण, कमरेला नाडीचा काच पडलेली जागा. ह्या साऱ्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या जागा होत. म्हणून शेती व आरोग्याच्या ह्या पानावर त्याची माहिती देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रोग कसा ओळखावा हे थोडेफार सर्वांनी ऐकलेले असते. आम्हांला विचारणा होते ती निराळीच. कोणाच्या पायाचा काळा डाग काढलेला असतो, कोणाच्या मांडीवरचा जुना व्रण कापलेला असतो, आणि घरची माणसे म्हणतात, “डॉक्टरांनी पहिलाच टप्पा आहे म्हणून सांगितले. सगळे काढून टाकले. मग आता पुन्हा कापायचे कशाला? बांबोळीला खेपा कशाला?” पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या आतल्या गावातून बांबोळीला जायचे म्हणजे एक दिवसाचा रोजगार बुडतो, बसचे भाडे पडते आणि सोबतीला एक माणूस लागतो. तेव्हा प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तरही नीट मिळावयास हवे.

डॉक्टर ह्या रोगाचे ढोबळ मानाने चार टप्पे करतात. पहिल्या दोन टप्प्यांत रोग कातडीपुरताच असतो. तिसऱ्यात तो जवळच्या गाठींत, म्हणजे जांघेतल्या, काखेतल्या किंवा मानेतल्या रसग्रंथींत शिरलेला असतो, आणि चौथ्यात फुप्फुस, यकृत, मेंदू अशा लांबच्या ठिकाणी पोहोचलेला असतो. पहिले दोन टप्पे म्हणजे ‘लवकर सापडलेला रोग’. पण लवकर सापडलेले सगळे रोग सारखे नसतात, आणि नेमके हेच लोकांच्या ध्यानात येत नाही.

खाजन शेती करणाऱ्यास हे समजणे कठीण जाऊ नये. बांधाला कुर्ल्यांनी पाडलेली भोके सगळी वरून सारखीच दिसतात. एक बोटभर आत जाऊन संपते. त्यात चिखल भरला की काम झाले. दुसरे तितक्याच तोंडाचे, पण आत तिरपे उतरत बांधाच्या पोटापर्यंत गेलेले. त्याच्यावर वरून चिखल थापला तरी भरतीच्या एका रात्री खारे पाणी शेतात येते. म्हणून जाणता माणूस भोकाचे तोंड पाहून थांबत नाही, काठी घालून खोली पाहतो. त्वचेच्या कर्करोगाचा धोका ठरविण्याची विद्या म्हणजे बव्हंशी ही काठी घालणेच होय.

हा रोग मुख्यत्वे तीन प्रकारचा असतो. बेझल सेल ह्या प्रकाराविषयी फार लिहीत नाही. तो बहुधा चेहऱ्यावर, नाकाडोळ्यांच्या आसपास येतो, जागच्या जागी कुरतडत राहतो, पण शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. नीट काढला की बहुतेकांचे काम होते. उरलेले दोन म्हणजे स्क्वेमस सेल आणि मेलॅनोमा.

स्क्वेमस सेल कर्करोग आपल्या शेतकऱ्याच्या अधिक परिचयाचा असावयास हवा, कारण त्याचा आणि आपल्या राहणीचा संबंध आपल्याच लोकांनी शोधून काढला आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. आडनावावरून आपल्या शेजारच्या वेंगुर्ल्याजवळील खानोली आठवावी असे हे नाव. त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. चालीरीतींमुळे होणारे तीन नवे कर्करोग त्यांनी त्यात वर्णिले होते. त्यातला एक धोतराचा. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी धोतर घट्ट आवळल्याने कातडी घासते, आधी तिचा रंग जातो, मग ती जाड व राठ होते, आणि काही थोड्या जणांत तिथे न भरणारा व्रण होऊन त्याचा कर्करोग होतो. पुढे मुंबईच्या डॉक्टरांना स्त्रियांतही कमरेच्या त्याच रेषेवर हा रोग आढळला, तेव्हा त्याला साडीचे नाव मिळाले. मग २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिली. त्यांतील एक सत्तर वर्षांची; परकराची नाडी घट्ट बांधण्याची सवय, आणि कमरेच्या कडेला दीड वर्ष न भरलेला व्रण. दुसरी लुगडे नेसणारी, परकर नाही, पण चाळीस वर्षे कमरेला तीच गाठ. ह्या दुसरीचा रोग सापडला तेव्हा तो जांघेतल्या गाठीत गेलेला होता. दोघींचे व्रण एकाच तऱ्हेचे, पण टप्पा वेगळा. आणि टप्पा वेगळा म्हणून पुढचे सगळेच वेगळे.

नाडी सैल बांधावी, रुंद पट्टी वापरावी, काच पडलेल्या जागी गाठ थोडी वर-खाली सरकवावी, घरात असताना सैल वस्त्र नेसावे. ह्याला पैसा लागत नाही. शेतात काम करणाऱ्या आपल्या बाया लुगडे खोचून कमरेशी आवळून घेतात, आणि पावसात ते ओलेच राहते. आया-आज्यांच्या कमरेकडे घरच्या लेकीसुनांनी एकदा पाहावे.

ह्याच रोगाचे दुसरे माहेर म्हणजे जुना वण. लहानपणी चुलीत पडून भाजलेले, काजूच्या भाटीवर उकळती नीरा अंगावर सांडलेले, काजूच्या टरफलाच्या तेलाने खोल पोळलेले, किंवा हाडाला पू होऊन वर्षानुवर्षे वाहणारे, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळव्यावर पुनःपुन्हा चिघळणारे. अशा जागी बऱ्याच वर्षांनी, पुष्कळदा तिसाहून अधिक वर्षांनी, कर्करोग उद्भवू शकतो. फ्रान्सचे शल्यवैद्य झां-निकोला मार्जोलँ यांनी १८२८ साली अशा व्रणांचे वर्णन केले. डॉक्टरमंडळी आजही त्याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. हा रोग फार थोड्या वणांत होतो, तेव्हा भाजलेल्या प्रत्येकाने घाबरून जाऊ नये. परंतु झाला तर उन्हाने झालेल्या स्क्वेमस कर्करोगापेक्षा तो अधिक आडदांड असतो व गाठींत लवकर जातो. जुना व्रण तीन महिने मलमपट्टी करूनही भरत नसेल, त्याची कड जाड होऊन उलटी वळली असेल, फुलकोबीसारखे मांस वर आले असेल, हात लागताच रक्त येत असेल, घाण सुटली असेल, किंवा कधी न दुखणारी जागा दुखू लागली असेल, तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे. तोही मधल्या कुजक्या भागातून नव्हे, तर कडेवरून आणि दोन-चार ठिकाणांहून. एकदा तपासून ‘काही नाही’ असे आले आणि तरीही व्रण भरेना, तर पुन्हा तपासावे.

आता स्क्वेमस कर्करोग सापडला आणि तो कातडीपुरताच आहे असे ठरले. धोका किती? अमेरिकेत बोस्टन शहरातील ब्रिगहॅम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०१३ साली ह्यासाठी एक सोपी रीत मांडली. ते चार गोष्टी विचारतात. गाठ दोन सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद आहे काय? कातडीखालच्या चरबीच्या पलीकडे उतरली आहे काय? दुर्बिणीखाली पेशी अगदी अनोळखी, बेढब झाल्या आहेत काय? आणि रोग एखाद्या जाडशा मज्जातंतूच्या कडेने सरकू लागला आहे काय? चारांपैकी एकही नसेल तर धोका फारच कमी. एक असेल तर थोडा. दोन वा तीन असतील तर तो रुग्ण वेगळ्या रांगेत जातो, कारण गाठींत रोग जाण्याच्या आणि मृत्यूच्या घटनांपैकी मोठा भाग ह्याच थोड्याशा रुग्णांत घडतो. चारही असतील, किंवा हाडात शिरला असेल, तर सर्वांत अधिक. ह्याशिवाय ओठ व कान ह्या जागा, जुन्या वणातून आलेला रोग, एकदा काढून पुन्हा आलेला रोग, आणि मूत्रपिंड बदलल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारा रुग्ण, ह्यांकडे डॉक्टर अधिक बारकाईने पाहतात. ज्यांची कातडी व केस जन्मतःच पांढरे असतात, त्या मुलांचा येथे मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो. उन्हापासूनचे आपले नैसर्गिक संरक्षण त्यांना मुळीच नसते. अशा मुलास गुरांमागे उघड्या डोक्याने भर दुपारी पाठवू नये. लांब बाह्यांचा सदरा व रुंद काठाची टोपी ही त्याची गरज आहे, चैन नव्हे.

मज्जातंतूच्या कडेने सरकण्याविषयी आणखी दोन शब्द. अहवालात हे वाक्य आले की पुष्कळ लोक ते वाचून सोडून देतात, कारण वरून काही दिसत नाही. परंतु काढलेल्या जागेपासून दूर कुठेतरी रोग परत येण्याची ही एक वाट आहे. जागेला मुंग्या येणे, बधिरपणा, सुया टोचल्यासारखे वाटणे ही लक्षणे रुग्णाने आपण होऊन सांगावीत.

मेलॅनोमा हा दुसरा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग संख्येने आपल्याकडे थोडा, पण सर्वांत कपटी. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पायांवर, जुन्या तिळांतून येतो व उन्हाशी त्याचे नाते असते. आपल्यांत त्याची आवडती जागा तळपाय, तळहात आणि नखाखालची कातडी. उन्हाचा येथे संबंध नाही. म्हणूनच आपण सावळे आहोत ह्या भरवशावर राहून चालत नाही.

किनाऱ्यावरच्या प्रत्येक शॅकमध्ये ज्याची गाणी वाजतात तो जमैकाचा बॉब मार्ली ह्याच रोगाने गेला. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो सापडला. फुटबॉल खेळताना लागले असेल असे आधी वाटले होते. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्याने मानला नाही, कमी कापाकापीवर भागविले. ११ मे १९८१ रोजी मायामी येथे तो वारला, तेव्हा तो अवघा छत्तीस वर्षांचा होता. अंगठा काढला असता तर तो खात्रीने वाचला असता असे कोणीही सांगू शकत नाही. परंतु नखाखालच्या काळेपणास ‘लागले असेल’ म्हणून दिलेले कारण आपल्या शेतातही रोज दिले जाते. ठेच लागून साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकत जाते व काही महिन्यांत कापले जाते. जो काळा पट्टा जागचा हलत नाही, रुंद होत जातो, आणि विशेषतः नखाच्या मुळाशी किंवा बाजूच्या कातडीवर उतरतो, तो ठेचेचा नव्हे. नखुर्ड्यासारख्या दिसणाऱ्या ह्या काळ्या रोगाची हकीकत इंग्रज डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्येच लिहून ठेवली आहे.

मेलॅनोमाचा धोका मोजण्याची मुख्य काठी वॉशिंग्टनचे पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दिली. ती इतकी साधी आहे की आश्चर्य वाटते. काढलेला डाग उभा चिरून, काचेवर घेऊन, सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात बसविलेल्या मोजपट्टीने तो वरपासून तळापर्यंत किती मिलिमीटर खोल गेला आहे ते मोजायचे. डाग वरून किती पसरला आहे ह्यापेक्षा ही खोली अधिक सांगून जाते. एक मिलिमीटरपर्यंत पातळ, एक ते दोन, दोन ते चार, आणि चाराच्या वर जाड, अशा पायऱ्या केल्या आहेत. एक मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची पुरती जाडीदेखील नाही म्हटले तरी चालेल. एवढ्याशा अंतरावर माणसाचे पुढचे आयुष्य टांगलेले असते.

दुसरी गोष्ट, डागावरची कातडी फुटलेली आहे काय. सूक्ष्मदर्शकाखाली वरचे आवरण गेलेले दिसले तर त्याच खोलीचा डाग एक पायरी वर चढतो. तिसरी, पेशी किती झपाट्याने दुणावत आहेत. त्याखेरीज रुग्णाचे वय, रोगाची जागा, आणि पेशी रक्तवाहिन्यांत वा रसवाहिन्यांत शिरल्या आहेत काय, हेही पाहतात.

२०१८ पासून जगभर वापरात असलेल्या अमेरिकन वर्गीकरणात पहिल्या दोन टप्प्यांचेच पाच भाग केले आहेत, आणि त्यांतील अंतर पाहण्यासारखे आहे. अगदी पातळ, न फुटलेल्या डागाच्या शंभर रुग्णांपैकी दहा वर्षांत अठ्ठ्याण्णव जण ह्या रोगाने दगावत नाहीत. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे चार मिलिमीटरहून जाड आणि वरून फुटलेल्या डागाच्या रुग्णांत, ही संख्या पंच्याहत्तर आहे. गंमत अशी की तिसऱ्या टप्प्याच्या पहिल्या भागात, जिथे डाग पातळसर पण गाठीत रोगाचा अगदी थोडा अंश सापडला आहे, तिथे ती अठ्ठ्याऐंशी भरते. म्हणजे गाठी स्वच्छ असलेला जाड, फुटका डाग हा गाठीत किंचित गेलेल्या पातळ डागापेक्षा वाईट ठरू शकतो. ‘गाठीत नाही ना, मग झाले’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. हे आकडे बहुतांशी गोऱ्या रुग्णांचे आहेत. तळपायाचा रोग आपल्याकडे उशिरा व जाड झाल्यावरच सापडतो, म्हणून आपल्या वाट्याला येणारे चित्र ह्याहून काळे असते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात, जिथे हा रोग जगात सर्वांत अधिक आहे, २०१५ साली असे दिसून आले की तिथे मेलॅनोमाने मरणाऱ्यांत जाड डागवाल्यांपेक्षा एक मिलिमीटरपर्यंतच्या पातळ डागवाल्यांची संख्या अधिक आहे. पातळ डाग अधिक घातक आहे असा त्याचा अर्थ नाही. पातळ डाग सापडणारे लोकच इतके आहेत की शंभरांत दोन-तीन गेले तरी बेरीज मोठी होते. कोणते दोन-तीन, हे आज निश्चित सांगता येत नाही, म्हणूनच पातळ डागवाल्यासही तपासणीला बोलावतात. हे अंतर भरून काढण्यासाठी काही देशांत गाठीतल्या जनुकांची चाचणी विकली जाते. पण ती सर्वांनी करावी इतका तिचा भरवसा अजून सिद्ध झालेला नाही, आणि तिच्यासाठी कर्ज काढावे असे तर आम्ही कोणालाही सांगणार नाही.

आता गाठीची तपासणी. एक मिलिमीटरच्या वरचा डाग असेल, किंवा त्याहून थोडा पातळ पण फुटलेला असेल, तर डॉक्टर पहारेकरी गाठ काढून पाहण्याचे सुचवितात. खाजनातले सगळे पाणी जसे प्रथम मानशीच्या दाराशी येते, तसा पायाच्या त्या जागेचा सगळा रस प्रथम जांघेतल्या एखाद्या ठराविक गाठीत येतो. डागाजवळ निळा रंग व किंचित किरणोत्सर्गी द्रव्य टोचून ती गाठ शोधतात आणि तेवढीच काढतात. अमेरिकेचे शल्यवैद्य डोनाल्ड मॉर्टन यांनी ही युक्ती १९९२ साली प्रसिद्ध केली. ह्यामुळे आयुष्य वाढते असे म्हणता येत नाही. परंतु पुढे काय वाढून ठेवले आहे हे तिच्याइतके स्वच्छ दुसरे काही सांगत नाही. पूर्वी त्या गाठीत रोग दिसला की जांघेतल्या सगळ्याच गाठी काढीत, मग पाय जन्मभर सुजलेला राही. २०१७ साली मोठ्या चाचणीतून असे दिसले की तसे केल्याने माणूस अधिक जगत नाही. तेव्हा आता बहुतेकांची ह्या यातनेतून सुटका झाली आहे.

‘पुन्हा कापायचे कशाला’ ह्या प्रश्नाचे उत्तरही मिलिमीटरातच आहे. पहिल्या वेळी डाग थोड्याशा कडेसह काढतात, तो केवळ मोजण्यासाठी. खोली कळली की मग ठरते : एक मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची एक सेंटिमीटर चांगली कातडी, दोनाच्या वर असेल तर दोन सेंटिमीटर. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया ही पहिलीत काही चुकले म्हणून नसते.

आणि म्हणूनच एक गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. तळपायावर काही उगवले की त्यास कुरूप समजून बिब्बा घालणे, चुना-सोडा लावणे, काजूच्या तेलाने जाळणे, न्हाव्याकडून कापून घेणे हे आपल्याकडे सर्रास चालते. खरे कुरूप असेल तर कदाचित निभावते. पण काळा डाग जाळला म्हणजे मोजण्याची वस्तूच नाहीशी होते. वरचा भाग जातो आणि खालचा राहतो. नंतर डॉक्टरांना खोली कळत नाही, कातडी आधीपासून फुटली होती की बिब्ब्याने फुटली हे कळत नाही. बांधाचे भोक वरून बुजविल्यासारखेच हे.

चाकू लागला की कर्करोग पसरतो, ही दुसरी समजूत. तुकडा काढून तपासल्याने हा रोग पसरत नाही. लोकांना तसे वाटते, कारण आपण चाकूपर्यंत जातो तेव्हा तो पुष्कळदा आधीच पसरलेला असतो. कर्करोगाच्या रुग्णांचे आश्रयदाते संत पेरेग्रिन यांना पायाचाच असा व्रण होता व पाय कापण्याच्या आदल्या रात्री प्रार्थना करताना ते बरे झाले, असे परंपरा सांगते. त्यांना १७२६ मध्ये संतपद मिळाले. त्या कथेत एक बारकी गोष्ट आहे, ती सहसा कोणी सांगत नाही : दुसऱ्या दिवशीसाठी शल्यवैद्याला बोलावून ठेवलेलेच होते. नवसाला मिलाग्र सायबिणीकडे जावेच. म्हापशालाच यायचे आहे तर त्याच खेपेत पेड्यावरच्या जिल्हा रुग्णालयात पाय दाखवून जावे.

मधुमेहींसाठी वेगळे सांगावे लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वांत अधिक, आढळले. त्यामुळे आपल्याकडे तळपायाचा न भरणारा व्रण दिसला की ‘साखरेचा असणार’ असे रुग्णही म्हणतो आणि कधी कधी तपासणाराही. बहुतेक वेळा ते खरेच असते. परंतु साखर आटोक्यात आहे, पट्टी नीट होते, पायावर भार नाही, तरीही दीड-दोन महिन्यांत व्रण हलत नाही, किंवा त्याच्या कडेला काळेपणा आहे, तर कडेचा तुकडा तपासा असे आपण होऊन म्हणावे. रंग नसलेला, लालसर मेलॅनोमाही असतो, तो तर नुसता मांस आलेला व्रणच वाटतो.

तळपाय पाहण्याची सवय आपल्याला नाही. पवित्र गुरुवारी पाद्री बारा जणांचे पाय धुतात, तेव्हाही घासून स्वच्छ केलेलेच पाय पुढे येतात. लावणीच्या दिवसांत चिखलाने बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात, त्या गर्दीत नवा डाग कोण पाहतो? म्हणून लावणी आटोपल्यावर, पाय सुकून कातडी पूर्ववत झाली की, एकदा उजेडात बसून दोन्ही तळवे, बेचके व नखे पाहावीत. म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा तळवा दिसत नाही; नातवंडांकडून पाहून घ्यावा. बऱ्याच जणांच्या तळव्यावर निरुपद्रवी तीळ असतात. वर्षानुवर्षे तसाच असलेला लहान, एकरंगी तीळ भिण्याचा नव्हे. चाळिशीनंतर नवा आलेला, वाढणारा, वेड्यावाकड्या कडेचा, दोन-तीन रंगांचा, किंवा पाव इंचाहून मोठा डाग कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात दाखवावा व कातडीच्या डॉक्टरकडे चिठ्ठी मागून घ्यावी. शेतात गमबूट किंवा निदान बंद रबरी चप्पल वापरण्याने मेलॅनोमा टळतोच असे नाही, पण काटे, जखमा आणि चिखल्या टळतात, आणि पाय स्वच्छ राहिला की त्यावरचे नवे काही लपत नाही.

ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी अहवालाची प्रत मिस्सलाच्या पुस्तकासारखी जपावी. मेलॅनोमा असेल तर त्यात खोली किती मिलिमीटर लिहिली आहे, कातडी फुटलेली होती की नाही, कडा स्वच्छ आल्या की नाही, हे विचारून घ्यावे. स्क्वेमस असेल तर रुंदी, खोली, पेशींची प्रत आणि मज्जातंतू ह्या चार गोष्टी. लिहिलेल्या नसतील तर लिहून देण्याची विनंती करण्यात काहीही गैर नाही. काढलेला मांसाचा तुकडा मेणात बसवून प्रयोगशाळेत जपलेला असतो. पुढे मुंबईला टाटात जावे लागले तर तो मेणाचा ठोकळा आणि काचेच्या पट्ट्या सोबत न्याव्या लागतात. त्या घेऊन गेल्यास पुन्हा तुकडा काढण्याचा त्रास व एक खेप वाचते. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटच्या दोन भागांतील मेलॅनोमासाठी २०२१ पासून पेम्ब्रोलिझुमॅब नावाचे औषध अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर देऊ लागले आहेत. त्याने रोग उलटण्याचे प्रमाण घटते, पण त्याची किंमत सामान्य कुटुंबाला पेलणारी नाही, व तळपायाच्या रोगावर अशा औषधांचा गुण कमी येतो. तेव्हा सरकारी आरोग्य विमा योजनेचे कार्ड हाताशी असले तरी आधी बांबोळीच्या डॉक्टरांशी बोलावे व मगच घरातले सोने मोडण्याचा विचार करावा.

खेपांविषयी असे आहे. पातळ डागवाल्यास सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एकदा बोलावतात. जाड वा फुटलेल्या डागवाल्यास, तसेच जुन्या वणातून आलेल्या किंवा दोन-तीन वाईट खुणा असलेल्या स्क्वेमसच्या रुग्णास, पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, कारण उलटायचा असला तर रोग बहुधा ह्याच काळात उलटतो. ही खेप मुख्यत्वे डॉक्टरांच्या बोटांची आहे. ते जुनी जागा आणि गाठी चाचपून पाहतात. मधल्या काळात हे काम रुग्णाने महिन्यातून एकदा घरीच करावे. रोग पायाचा असेल तर जांघेत व गुडघ्यामागे, हाताचा असेल तर काखेत, चेहऱ्याचा वा ओठाचा असेल तर जबड्याखाली व मानेत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. ते दुखते आणि जखम भरली की आठ-पंधरा दिवसांत बसते. जे दुखत नाही, कडक लागते आणि पंधरा दिवसांनंतरही बसत नाही, त्या अवधाणासाठी ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात जावे व जाताना अहवाल बरोबर न्यावा.